विहीणबाईंचा डबा

हसायचं असंल तर आधीच हसून घ्या. मी चौथी पास बाई, पण माती खाल्ली ती अशी की कॉलेजवाल्यांना जमायची नाय!

पोराच्या लग्नात नवरीकडच्यांनी माझं पातेलं नेलं. परत आलं ते उघडं-बोडकं, झाकण गायब! मी गप बसते व्हय? भर मांडवात आवाज टाकला, "लोकाची वस्तू न्यावी तर झाकणासकट आणून द्यावी!" विहीणबाई सिडकोतल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या. त्या नुसत्या हसल्या. ते हसू माझ्या डोक्यात घर करून बसलं.

पुढं महिन्याभरानं सून माहेराहून आली, ती आईनं दिलेल्या पुरणपोळ्या घेऊन. पोळ्या राहू द्या, डबा बघायचा होता तुम्ही! मातकट रंग, हलका फूल, वर बसतं झाकण. स्टील नाय, प्लास्टिक नाय. फॉरेनचा असणार, दुसरं काय! सून डबा ओट्यावर ठेवून शेंद्र्याच्या कंपनीत ड्युटीवर गेली.

आता शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत करत नाही, हा तर विहिणीचा डबा. आधी लख्ख घासावा, मग भरून द्यावा. सकाळीच कढत पाण्यात पावडर टाकून भिजत घातला. दुपारी काथ्या घेऊन बसले. खसाखसा दोन हात मारले अन् बघते तर काय, हातात डबा नाय, पिठलं!

झाकणासाठी मांडव डोक्यावर घेणाऱ्या बाईनं अख्खा डबा गिळला, असं सिडकोभर होणार!

तशीच ओल्या हातानं किराणावाल्या रफिकभाईच्या दुकानात शिरले. "पावडर विकतो का तेजाब? माझा डबा खाल्ला तिनं!"

"आपा," तो म्हणाला, "इस पावडर से बरतन का मैल नहीं जाता, डब्बा कैसे जाएंगा?"

नवरा म्हणाला, "अगं, विहीणबाईंना फोन करून खरं सांगून टाक." खरं सांगून टाक! माझ्या तोंडानं?

गाठली गुलमंडीची बाजारपेठ. पत्रावळ्यांच्या दुकानात तस्साच डबा दिसला. जीवात जीव आला.

"एक दे."

"मावशी, सुटा नाय मिळत. पन्नासचा गठ्ठा घ्या."

"पन्नास? एक डबा मागितला, लग्नाची पंगत नाय!"

"अहो मावशी, हे एकदा वापरून..."

"मला शिकवू नको! बांध गठ्ठा."

वाटलं, मोठ्या लोकांच्या घरी लागत असतील पन्नास-पन्नास डबे.

दुसऱ्या दिवशी एका डब्यात गरम धपाटे भरले अन् रिक्षानं सिडकोत हजर.

"घ्या विहीणबाई, तुमचा डबा. तोच आहे बरं! नवा दिसतोय ना? माझा घासायचा हातच तसा आहे."

त्यांनी डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. धपाटे ताटात काढले. अन् माझ्या डोळ्यांदेखत डबा टराटरा फाडून कढीपत्त्याच्या कुंडीत कोंबला!

"अहो, अहो! पन्नासचा गठ्ठा घ्यावा लागला मला त्याच्यापायी!"

बोलून गेले. झालं!

"पन्नास?" विहीणबाई पदर तोंडाला लावून खाली बसल्या. मग काय, भिजत घातल्यापासून सगळं सांगावं लागलं.

"अहो ताई, उसाच्या चोथ्याचा असतो तो," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "खाऊन झालं की मातीत टाकायचा. खत होतं त्याचं."

चोथा! माझं माहेर कन्नडचं, साखर कारखान्याजवळचं. तिथं उसाच्या चोथ्याच्या ढिगावर घसरगुंडी खेळत मी लहानाची मोठी झाले. अन् त्यालाच मी फॉरेनचा म्हणून पावडर लावली!

निघताना विहीणबाईंनी चिवडा दिला. या वेळी स्टीलच्या डब्यात. अन् तेच मांडवातलं हसू हसत म्हणाल्या,

"हा मात्र परत द्या हं, ताई. झाकणासकट."