डोलकाठी जिथून आत शिरते

माझं परंड्यात सुतारकामाचं दुकान आहे. दारं, खिडक्या, कपाटं, लग्नातले दिवाण, असलं सगळं मी करते. बाई रंधा मारते म्हणून पूर्वी लोक रस्त्यावर उभं राहून बघायचे. आता बघत नाहीत, एक तर सवय झाली किंवा मी दोघा-तिघांना चांगलं खडसावलं म्हणून असेल.

दुकान आण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. त्यांनी आयुष्यभर बैलगाड्या केल्या. त्यांच्या हातचं चाक खडकाळ रानात घालावं आणि बिनघोर झोपावं, असं लोक अजूनही सांगतात. पुढं टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर आले आणि लाकडी चाक कुणाला नको झालं. आण्णांचे हातही थरथरू लागले. गेली वीस वर्षं हत्यारं माझ्या हातात आहेत. या वीस वर्षांत आण्णांनी माझ्या कामाला एकदाही चांगलं म्हटलेलं नाही. नवीन कपाट तयार झालं की खुर्चीतून उठून येतात, दार दोनदा उघडझाप करतात आणि म्हणतात, "बिजागरी बरी हाय." बिजागरी बाजारातून आणलेली असते. चाळिशी उलटलेल्या बाईनं असं म्हणणं शोभत नाही, पण मला त्यांच्या तोंडून एक शब्द हवा होता.

जवळच्या सोनारी गावचे एक काका नौदलातून निवृत्त होऊन गावी आले. सगळी नोकरी समुद्रावर गेली, तरी गाव त्यांना मेजरच म्हणतं, कारण आमच्याकडं वर्दी घातलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. या काकांनी मुंबईकडून एक जुनी शिडाची होडी ट्रकवर घालून आणली आणि सीना नदीच्या धरणाच्या पाण्यात सोडली. लोकांनी कपाळाला हात लावले. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथं हा माणूस होडी घेऊन आला! वाटेत आणताना डोलकाठी उतरवून ठेवली होती. ती परत उभी करायची तर तिच्या भोवतीचं लाकूड कुजलेलं. म्हणून काका आण्णांना भेटायला आले.

आण्णा म्हणाले, "माझ्याच्यानं आता हत्यार धरवत न्हाय. हिला इचारा." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "जमंल का?" त्या 'का'वर एवढा जोर होता की काम काय आहे हे न ऐकताच मी म्हणाले, "जमंल."

काम काय ते दुसऱ्या दिवशी पाण्याकाठी कळलं. मला वाटलं होतं, डोलकाठी होडीच्या पाठीवर उभी असते. तसं नाही. होडीच्या वरच्या फळीला एक गोल भोक असतं, त्यातून ती आत उतरते आणि खाली तळाशी खोबणीत बसते. खाली काकांची छोटी केबिन होती, झोपायची गादी आणि स्टोव्ह ठेवण्यापुरती. भोकाभोवती लाकडाचं, फळीच्या वर उठलेलं जाड कडं. त्या कड्यात डोलकाठी खुळखुळता कामा नये आणि त्याच भोकातून पावसाचा थेंब खाली गळता कामा नये.

"एवढंच ना?" मी म्हणाले. सुताराच्या पोरीला पाचर ठोकायला शिकवायचं? आण्णांनी गाड्यांसाठी राखून ठेवलेली बाभळीची वाळलेली लाकडं माळ्यावर होती. नवं कडं करून बसवलं, कडं आणि काठी यांच्या फटीत ठोकायला बाभळीच्या आठ पाचरी तासल्या, डोलकाठी उभी करायला आठ-दहा माणसं दोराला लावली आणि ती खोबणीत बसल्यावर घण घेतला. काका म्हणाले, "ताई, जरा हलक्या हातानं."

"काका, तुमी समुद्र बघितलाय. लाकूड आमी बघतो." असं म्हणून मी शेवटची पाचर अशी हाणली की धक्क्यानं काकांच्या हातातला चहा सांडला. वरून फटीत पुट्टी भरली. डोलकाठी हलवायला तिघं लटकले, ती जागची हलली नाही. मी फोटो काढून आण्णांना दाखवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि परत दिला.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. "ताई, फाटलं."

जाऊन बघितलं तर कडं दोन ठिकाणी उभं चिरलेलं. त्याच्या खालची फळीही बोटभर तडकलेली. पुट्टीचे पापुद्रे सुटलेले आणि रात्रीच्या पावसाचं पाणी सगळं खाली गादीवर. काका गादी उन्हात टाकायला गेले. मी पाचरीला हात लावला आणि लगेच समजलं. ती ओली होऊन टच्च फुगली होती.

आता खरी लाजेची गोष्ट सांगते. पाण्यानं लाकूड फुगतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात गाड्यांची चाकं वाळून खिळखिळी व्हायची, तेव्हा लोक गाडी नदीत नेऊन चाकं पाण्यात भिजत ठेवायचे. लाकूड फुगायचं, चाक परत आवळायचं. हे आमच्या घरात शेंबडं पोरही सांगेल. पण आमच्या भागात लाकडाचं दुखणं म्हणजे आकसणं. आमच्या गाडीच्या पाचरीला कोरडेपणाची भीती, म्हणून ती वाळकी घ्यायची आणि जीव खाऊन ठोकायची. वीस वर्षं मी प्लायवूड आणि वाळलेल्या चौकटींत घालवली, आणि पाण्यात राहणाऱ्या वस्तूला मी कोरड्या रानातल्या गाडीसारखं आवळून ठेवलं. त्यात पुन्हा काका सांगत असताना मी त्यांचं तोंड बंद केलं होतं.

घरी येऊन आण्णांना सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गाडी घडीभर पाण्यात जाती अन् बाहीर येती. ही तर पाण्यातच नांदायची. लाकडाला फुगायला जागा ठेव, माय." एवढंच. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

डोलकाठी परत उपसली. या वेळी मी घाई केली नाही. तडकलेल्या फळीला खालून पट्टी मारली, कडं जुन्या सागाचं केलं. पाचरीही सागाच्याच, कारण साग बाभळीएवढा फुगत नाही, आणि त्या आठवडाभर जवसाच्या तेलात बुडवून ठेवल्या. जुन्या टायरच्या पट्ट्या कापून ठेवल्या, म्हणजे पाचर आणि डोलकाठीच्या मध्ये रबर येईल आणि लाकूड फुगलं तर रबर दबेल. घण घरी ठेवला. लाकडी हातोडीनं समोरासमोरच्या पाचरी जोडीजोडीनं बसवायच्या, हातानं ओढून निघत नाहीत इथं थांबायचं, असं मनाशी ठरवलं. थांबणं हेच माझ्या स्वभावाला सगळ्यात जड होतं.

राहिला पावसाचा प्रश्न. पुट्टी चालणार नव्हती, कारण वारा लागला की डोलकाठी केसभर का होईना हलते. शेजारच्या पंक्चरवाल्याकडून ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची जुनी ट्यूब आणली आणि तिचा हातभर तुकडा बाहीसारखा कापला. तो डोलकाठीत घालून वर-खाली आवळायचा. पण वर आवळलेल्या जागी काठीवरून ओघळणारं पाणी साचणार आणि आत शिरणार, हे लगेच दिसत होतं. दोन दिवस डोकं चाललं नाही. तिसऱ्या दिवशी उशीचा अभ्रा शिवताना सुचलं. अभ्रा आपण उलटा शिवतो आणि मग सुलटा करतो, म्हणजे शिवण आत जाते. ट्यूबही तशीच उलटी करून काठीवर चढवायची, खालचं टोक पाइपाला लावतात तशा स्क्रूच्या क्लॅम्पनं काठीला आवळायचं आणि मग सगळी ट्यूब खाली मुडपून कड्यावर ओढायची आणि दुसऱ्या क्लॅम्पनं कड्याला आवळायची. वरचा क्लॅम्प घडीच्या आत झाकला जातो आणि पाणी वरच्यावर घसरून जातं. ही युक्ती मला कुणी शिकवली नव्हती. त्या दिवशी मी दुकानात एकटीच होते आणि एकटीच मोठ्यानं हसले. आनंदानं ऊर भरून आला होता, हे सांगायला मला कसलाही संकोच नाही.

डोलकाठीवर ट्यूब आधीच सरकवून ठेवली, मग काठी उभी केली. पाचरी, रबर, क्लॅम्प सगळं झाल्यावर काकांनी घडी उलटून-पालटून बघितली आणि म्हणाले, "हे कुठं बघितलं ताई?" मी म्हणाले, "उशीवर."

आठ दिवस होडी पाण्यात, पावसात ठेवली. मग आखाडातल्या एका दुपारी, वारा चांगला सुटलेला असताना, शीड लावायचं ठरलं. आण्णांनी सकाळपासून स्वच्छ धोतर नेसून तयारी केली होती. त्यांना काठावर खुर्ची टाकून दिली. होडीत खाली, डोलकाठीच्या बुडाभोवती, मी चुलीतली कोरडी राख पसरली. एक थेंब पडला तरी राखेत दिसणार.

काकांनी शीड चढवलं. होडी एका कुशीवर कलली आणि मी घाबरून केबिनमध्ये जाऊन बसले. पण बसल्या बसल्या हात डोलकाठीवर ठेवला. एवढं मोठं शीड वर वारा ओढत होतं आणि इथं माझ्या पाचरींमध्ये ती काठी नुसती कुरकुरत होती, सैल पडत नव्हती. लाटेचं पाणी वरच्या फळीवरून वाहून जाताना ऐकू येत होतं. भीती कधी गेली कळलं नाही. मी वर जाऊन उगीचच काठावरच्या लोकांना हात केला.

परत आल्यावर आण्णा म्हणाले, "मला आत जायचंय." दोन्ही दंडांना धरून त्यांना होडीत घेतलं. ते वाकून केबिनमध्ये उतरले, गुडघ्यांवर बसले, फोनच्या उजेडात राख बघितली. बोटानं चाचपली. कड्याच्या खालून हात फिरवला, तो उजेडात धरला. कोरडा होता. एकेक पाचर दाबून बघितली. मी वर उभी होते आणि आता ते काय म्हणतात याकडं माझे कान लागले होते. ते बाहेर आले आणि ट्यूबच्या घडीकडं बघत राहिले.

"ही कशी बांधली, दाव."

"सांगते की. पहिलं उलटी..."

"सांगू नको. सोड अन् पुन्यांदा बांध. मला शिकायचीय."

त्यांना आता ना गाडी करायची होती ना होडी. तरी मी दोन्ही क्लॅम्प सोडले, ट्यूब वर उलटली, सावकाश परत बांधून दाखवली. मग त्यांनी हात पुढं केला. मी सगळं परत सोडून स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. हात थरथरत होता, खाचेतून टोक निसटत होतं. काका मदतीला सरकले, मी त्यांना नजरेनंच थांबवलं. पहिल्या खेपेला घडी तिरकी पडली. आण्णांनी स्वतःच सोडली. दुसऱ्या खेपेला क्लॅम्प सुटला. तिसऱ्या खेपेला ट्यूब नीट मुडपली, कड्यावर सपाट बसली, स्क्रू आवळला गेला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

त्यांनी ट्यूब दोनदा ओढून बघितली. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "बरूबर हाय का?"

मी वाकून घडीवरून बोट फिरवलं, खालून-वरून बघितलं.

"बरूबर हाय, आण्णा," मी म्हणाले.