नानांची पुडी माझ्याकडेच राहिली

जामनेरच्या सुमनताई, गुडघा कसा आहे आता? धुळ्याचे आबा, खोकला थांबला का? आणि लता, डोळ्याची पट्टी निघाली ना? मी इथे दोंडाईच्यात बरी आहे.

आज सकाळचीच गोष्ट. आमच्या गल्लीतल्या नानांची नात परी रोजच्यासारखी त्यांची तंबाखूची पुडी न्यायला माझ्या दुकानात आली. पण आता तंबाखू विकायला परवाना लागतो. मला तो कालच मिळालाय, आणि लहान लेकरांच्या हाती तंबाखू दिली तर तो जातो. माझं घर या दुकानावर चालतं. मी नाही म्हटलं.

पोरीचे डोळे भरले. "अक्का, नाना माले रागावतीन ना!"

तिला राजगिऱ्याचा लाडू देऊन घरी पाठवलं.

थोड्या वेळाने पाहते तर नाना स्वतः, एका हातात काठी, दुसऱ्या हातात परीचा हात. नानी गेल्यापासून हा माणूस घराच्या ओट्यावरून उतरला नव्हता.

"काय वं अक्का, परवाना तुले, नि शिक्षा माले?"

"बसा नाना, चहा टाकस मी."

मग नानींच्या हातच्या कळण्याच्या भाकरीपासून गोष्टी निघाल्या. नाना हसले, डोळेही पुसले. ऊन चढलं तसे परीला घेऊन निघाले, आणि त्यांच्यासाठी काढलेली पुडी माझ्या गल्ल्यावरच राहिली.

परीजवळ तर देता येत नाही. मी नेऊन देऊ, की उद्या नानांची वाट बघू? माझं मन वाट बघ म्हणतंय. तुम्हाला काय वाटतं, लवकर लिहा.