महेश्वरांचा पॉज

सिद्धेश्वरीबाईंना त्या पोराचा भयंकर राग. कुठल्या? अहो, त्या जुन्या परदेशी शोकांतिकेतल्या. प्रेयसी औषधानं नुसती झोपलेली, आणि हा गडी तिला मेली समजून विष पिऊन मोकळा! चाळीसेक वर्षांपूर्वी सोलापुरात त्यांच्या ऑफिसच्या नाट्यमंडळानं ते नाटक मराठीत बसवलं, तेव्हा बाई विंगेत प्रॉम्प्टिंगला होत्या. नायक होते हिशेब खात्यातले महेश्वर, उंच आणि बुजरे. तालमीत चहाच्या वेळी बाई त्यांनाच झापायच्या, जणू खरंच त्यांनी विष घेतलंय. “जरा थांबला असता तर काय बिघडलं असतं? लई घाई मेल्याला.” महेश्वर मान खाली घालून बशीत चहा ओतायचे.

प्रयोगाच्या दिवशी शेवटच्या प्रवेशात महेश्वरांनी बाटली ओठांशी नेली आणि थांबले. पॉज वेगळा आणि वाक्य विसरणं वेगळं. प्रॉम्प्टरला ते नटाच्या चेहऱ्यावरून कळावं लागतं. बाईंना नाही कळलं. त्यांनी वाक्य टाकलं. गडी ढिम्म. पुन्हा टाकलं, या खेपेला पहिल्या रांगेला ऐकू जाईल एवढ्यानं. लोक हसले, शोकांतिकेचा पार विचका झाला. पडदा पडल्यावर बाई तणतणत गेल्या, तर महेश्वर म्हणाले, “पाठ होतं हो. तुम्हीच म्हणत होता ना, जरा थांबावं. म्हणून बघत होतो, ती उठते का.” आता असल्या माणसाशी लग्न नाही करायचं तर कुणाशी? वर्षाच्या आत केलं. ते दिवस आठवले की बाईंना अजून हसू येतं.

पण गेल्या दिवाळीत महेश्वरांना अर्धांगाचा झटका आला. कळतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. त्यांनी तोंड उघडलं की घरातलं कुणीतरी वाक्य पुरं करून टाकतं. त्यांचं उठवणं-भरवणं सगळं बाई एकट्याच करतात. परवा मुलगा आशिष पुण्याहून आला. सोलापूरचं घर बंद करून दोघांनी आपल्याकडे राहायला यावं, असं त्याच्या मनात. बाईंना अजिबात जायचं नव्हतं. इथली भवानी पेठ सोडून आशिषच्या फ्लॅटात त्यांचा जीव कसा रमणार? पण नवरा म्हणेल तसं करायचं, हेही त्यांनी ठरवलं होतं.

“अप्पा, यायचं ना पुण्याला?” आशिषनं विचारलं. महेश्वरांनी तोंड उघडलं. शब्द येईना.

“चालेल म्हणतायत,” आशिष म्हणाला.

“तू गप बस,” बाई म्हणाल्या. “त्यांना बोलू दे की.”

गॅसवरचं दूध उतू गेलं, त्याचा वास घरभर झाला, तरी बाई जागच्या हलल्या नाहीत. ‘नको’ एवढंच म्हणा हो, असं त्यांना आतून ओरडावंसं वाटत होतं. पण त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

शेवटी महेश्वरांनी बायकोकडे बोट केलं. “हिला... ने. दमलीय.”

बाईंच्या डोळ्यांना धार लागली. पदरानं तोंड पुसून त्या आशिषला म्हणाल्या, “दोघांची तिकिटं काढ.”