शब्द कुठे भेटला ते सांग

तुम्हाला वाटत असेल, आता हा पोरगा लिहिणार... फोन वाजला, हात थरथरले, डोळ्यांसमोर अंधारी आली. तसं काही झालं नाही. बातमी आली तेव्हा मी हडपसरच्या ऑफिसात आमच्या मॅनेजरची नक्कल करत होतो आणि सहा जण पोट धरून हसत होते. फोनवर काकू होत्या. म्हणाल्या, "हे गेले रे. सकाळी. तू ये." आणि मी त्याच मॅनेजरच्या आवाजात म्हणलं, "ओके, नोटेड." मुद्दाम नाही हो. तोंडात तोच आवाज अडकला होता. महिना होऊन गेला, पण ते 'नोटेड' आठवलं की मी बसल्या जागेवरनं उठतो आणि उगाच खोलीत फेऱ्या मारतो.

हे म्हणजे गजानन लोणकर. सगळ्यांचे बापू, आणि माझे घरमालक. कसबा पेठेत दुसऱ्या मजल्यावर ते आणि काकू, तिसऱ्यावर एका खोलीत मी. बापूंनी उभा जन्म छापखान्यात खिळे जुळवले. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, एकेक उचलून ओळ लावायची. शिक्षण सातवी. इंग्रजीत पाणी मागता यायचं नाही, पण इंग्रजी शब्द घरात पोतं भरून. त्यांनी जुन्या बाजारातून इंग्रजी अक्षरांच्या ठोकळ्यांचा एक खेळ आणला होता, पटावर शब्द लावायचा. हरवलेले ठोकळे त्यांनी लाकूड तासून स्वतः केले होते. मी समोर बसायचो, पट माझ्याकडे तोंड करून. पहिल्या दिवशी म्हणलं, "बापू, फिरवू का तुमच्याकडे?" तर म्हणाले, "कशाला? खिळ्यावर अक्षर उलटंच असतं, जन्मभर तसंच वाचलं. तू तुझं बघ."

शब्द शोधायची त्यांची पद्धत अजब. त्यांची एक वही होती. तिच्यात शब्द पहिल्या अक्षरावरून नाही, पोटातल्या अक्षरावरून लावलेले. एक पान झेडचं, झेड कुठेही असो. एक क्यूचं. एक एक्सचं. अर्थ विचारला तर अर्थ नाही सांगायचे, काम सांगायचे. "क्वार्ट्झ? घड्याळवाल्याचं हँडबिल. झिंक? मलमाच्या डबीवरचं लेबल. कोरम? सोसायटीच्या सभेची नोटीस. दर वर्षी छापायचो, दर वर्षी तो भरायचा नाही." त्यामुळे खेळाला त्यांचा एक नियम होता, जो कुठल्या पुस्तकात नाही. शब्द लावलास तर तो तुला कुठे भेटला ते सांग. नाही सांगता आलं तर ठोकळे उचल.

आता माझं इंग्रजी म्हणजे करमाळ्याकडचं, मराठी मीडियम. पहिले दोन महिने मी 'कॅट' आणि 'बस'च्या पुढे गेलो नाही आणि रोज हरलो. मग मोबाईल काढला. अशा साइट असतात, हातातली सात अक्षरं टाकली की त्यातून होणारे सगळे शब्द ढिगाने समोर. "काकू, पाणी पिऊन आलो," म्हणायचं, स्वयंपाकघरात जायचं आणि यायचं ते 'ओरिक्स' घेऊन. पण नियम होता ना! बापू चष्म्यावरून बघत, "कुठे भेटला?" मी काय सांगणार? तोंडात आलं, "आमचे चव्हाण सर!" आणि सरांच्या आवाजात सुरू झालो, "मंगेऽऽश, ओरिक्स म्हणजे हरीण, शिंगं सरळ, तुझ्यासारखी वाकडी नव्हं!" बापू इतके हसले की काकू हातातलं लाटणं घेऊन बाहेर आल्या.

झालं. मला चटक लागली. 'झॅक्स' म्हणजे छपराच्या पाट्या कापायचं हत्यार. सरांच्या छपरावर होतं म्हणे! रोज नवा शब्द, रोज नवी थाप. बापू वहीत शब्द लिहायचे आणि पुढे 'चव्हाण सर' असं लिहायचे, जसं बाकीच्यांपुढे लेबल आणि हँडबिल. खरे चव्हाण सर आमचे पीटीचे. इंग्रजीला कुणी नाही म्हणून त्यांना वर्गात बसवलेलं. ते शिट्टी वाजवायचे आणि आम्ही स्पेलिंग म्हणायचो.

दिवाळीनंतर एकदा बापू ठोकळे डब्यात भरता भरता म्हणाले, "मंगेश, तुझ्या सरांना भेटायचंय मला."

मी हसलो. ते नाही हसले.

"इतके शब्द असलेला माणूस मला आयुष्यात भेटला नाही. मी नुसते जुळवले. त्यांना अर्थ माहितीयेत. वही घेऊन येतो. तू फक्त गावचा रस्ता दाखव."

सांगून टाकायचं ना तिथंच? नाही सांगितलं. म्हणलं, सरांच्या मुलीचं लग्न आहे. मग म्हणलं, सर आजारी आहेत. मग थापाच सुचेनात, तर मी खाली जायचंच बंद केलं. जिन्यात भेटले की, "बापू, मीटिंग!" आणि कानात इयरफोन. ते म्हणायचे, "असू दे, असू दे." वीस-बावीस दिवस असेच गेले. आणि मग तो फोन.

तेराव्याचं जेवण उरकलं, पाहुणे गेले. काकू भांडी पुसत होत्या. मला आत कुठं बसवत नव्हतं. सांगायचं ठरवलं आणि काय केलं माहितीये? चव्हाण सरांच्या आवाजात सुरुवात केली. सवय, दुसरं काय.

"स्वतःच्या आवाजात बोल," काकू म्हणाल्या. वर बघितलंही नाही.

मग बोललो. मोबाईल, थापा, शिट्टी, सगळं. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"संपलं? मास्तर कसला घेऊन बसलायस तू? किती वर्षं झाली, हा माणूस पेठेबाहेर पडत नव्हता. कधी गुडघे, कधी ऊन. मी सांगून सांगून थकले. तुझ्या त्या थापेपायी स्वतः स्टँडवर जाऊन गाडीची वेळ विचारून आले. शर्ट शिवायला टाकला. रोज संध्याकाळी विचारायचे, मंगेश आला का गं? आणि तू वर बसून मीटिंग करतोस?"

"काकू, मला वाटलं, त्यांना कळलं तर..."

"कळलं असतं तर चिडले असते. चार दिवस तोंड बघितलं नसतं तुझं. पाचव्या दिवशी हाक मारली असती. अरे, खाली येऊन एवढंच म्हणायचं होतंस, बापू, मास्तर खोटा, पण गावाकडं माझी आई खरी आहे, चला, तिच्या हातची भाकरी खाऊन येऊ. आले असते रे ते. वही काखेत मारून आले असते." त्यांनी पदराने तोंड पुसलं, आणि परत आवाज चढला. "आणि मलाही यायचं होतं, गाढवा. मला विचारलंस तू?"