सात वर्षांच्या रेघा आणि दीड बादली चुना

वाडीतल्या मंडळींनू, वाचनालयाच्या फळ्यासाठी हे मी सांगतेय आणि नात शैला लिहितेय. हसायचं तर हसा.

आज सकाळी मी चतुर्थीसाठी चुलीकडची भिंत घासून तिला चुना मारला. दुपारी शैला आलेखाचा कागद घेऊन बसली. विहिरीत दर महिन्याला किती पाणी होतं, त्याचे आकडे कोष्टकात होते. त्यावरून ती उभे पट्टे काढत होती. दुसरी विहीर मंजूर व्हायला हा तक्ता लागतो. पण आकडे फक्त यंदाचे, आणि मंजुरी देणाऱ्या साहेबांना मागच्या वर्षांचेही हवेत.

मी म्हटलं, "गो, ह्यो तर माझ्यो रेघो!"

"खंयच्यो रेघो, आजये?"

दर अवसेला मी विहिरीत दोर सोडायची. तो जितके हात भिजेल, तितकी बोटं उंच कोळशाची रेघ भिंतीवर ओढायची. सात वर्षं.

"मगे दाखय माका!"

मी ओल्या पांढऱ्या भिंतीकडे बोट केलं. पोरगीने हातातली पेन्सिल हळूच कागदावर ठेवली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

पाहुण्यांना अडाण्याचं घर दिसू नये म्हणून पुसल्या हो. सात वर्षांचं पाणी दीड बादली चुन्यात बुडवलं.

तुमच्याकडच्या कुठल्या म्हातारीने असं काही मांडून ठेवलं असेल, तर चुना मारायच्या आधी शैलाला हाक माराल काय?