पत्र आणि पत्रा

गणेश चतुर्थीच्या आठवड्यात: बेंगळुरूतील आमच्या इमारतीच्या गच्चीवर, डक्टच्या तोंडावर, फायबरचा पत्रा ठोकून बसवण्यात आला. जबाबदार: रहिवासी संघाचे सचिव.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी: त्या पत्र्याविषयी मी पहिले पत्र दिले. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. जबाबदार: तेच.

दिवाळीच्या पाडव्यानंतर: दुसरे पत्र, प्रत अध्यक्षांना. अध्यक्षांनी मला जिन्यात गाठले, हात जोडले आणि इथल्या कन्नड ढंगात "बघूया सार" म्हणून ते निघून गेले. जबाबदार: दोघेही.

या सर्वांच्या पुष्कळ आधी: गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर बसवावा असे सोबतच्या पुस्तिकेत छापलेले असताना दुकानाच्या माणसाकरवी तो आत बसवून देण्यात आला. जबाबदार: विकणारा दुकानदार.

नाताळच्या सुट्टीत, वैकुंठ एकादशीनंतरच्या द्वादशीला, सूर्य उगवण्यापूर्वी: माझी नात न्हाणीघरात बेशुद्ध पडली. जबाबदार: वरील सर्व.

एरवी मी तारखेशिवाय एक ओळही लिहीत नाही. न्यायालयाच्या कचेरीत नोकरीची उभी हयात गेली, तिथली ती सवय आहे. येथे मुद्दाम सण सांगितले, कारण तारीख विसरलो असे कोणीही म्हणू शकतो. सण विसरलो असे या शहरात कोणाला म्हणता येणार नाही.

डक्ट म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या चार मजली इमारतीत एकावर एक असलेल्या न्हाणीघरांच्या खिडक्या एका उभ्या, अरुंद पोकळीत उघडतात. वाफ, धूर, फोडणीचा ठसका, सगळे तिच्यातून वर जाते आणि गच्चीवर मोकळे होते. तिचे तोंड उघडे होते म्हणून पारवे आत शिरत. त्यांची पिसे आणि घाण तळमजल्यावर पडे, आणि तळमजल्यावर सचिव राहतात. त्यांनी जाळी लावली असती तर मीच पहिला आभाराचे पत्र लिहिले असते. त्यांनी पत्रा ठोकला. गच्चीला कुलूप घातले, किल्ली खिशात घातली. आम्ही सर्वांत वर, तिसऱ्या मजल्यावर राहतो. खालच्या तीन घरांतले जे काही वर चढते ते आमच्या खिडकीपाशी येऊन थांबते.

धनुर्मासाची पहाट आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. आमचे पूर्वज या मुलखात केव्हा आले हे सांगायला आता कोणी उरलेले नाही. बोलण्यात निम्मी कन्नड मिसळली आहे, पण हा नेम टिकला आहे. मार्गशीर्षाच्या थंडीत एक दिवस सगळे जमायचे, अंधारात आंघोळी उरकायच्या आणि सूर्य दिसण्याआधी नैवेद्य दाखवून पानावर बसायचे. मुगाच्या डाळीची हुग्गी, म्हणजे मऊ खिचडी, तिच्यात मिरे, आले, खोबऱ्याचे काप आणि वरून सढळ तूप. शेजारी चिंचेचे आंबटगोड, दाट गोज्जु. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आणि लोणी. आंघोळीशिवाय पानाला शिवायचे नाही. नियम एवढाच.

त्या वर्षी बेळगावहून माझ्या पत्नीचे थोरले बंधू आले होते. त्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो. याच शहरातल्या मारतहळ्ळीहून मुलगी, जावई आणि बारा वर्षांची नात आली. आदल्या संध्याकाळी दिवाणखान्यात वर्तमानपत्रे पसरून आम्ही भिजवलेल्या अवरेकाळूची, म्हणजे पावट्याच्या दाण्यांची, साले काढत बसलो. दाणा चिमटीत धरून दाबला की सालातून सुटून उडतो. नातीने एक दाणा नेम धरून अण्णांच्या चष्म्यावर मारला.

"हे बघ," अण्णा म्हणाले, "तुझा अज्जा आता याच्यावर तक्रार अर्ज करील. तीन प्रतींत."

"अज्जा, करणार?"

"वादीने आधी स्वतः अर्ज केला पाहिजे," मी म्हणालो.

जावई पुण्याचा. त्याला पहाटे उठायचे या कल्पनेनेच जांभया येत होत्या. "बाबा, तुम्ही एक काम करा. सूर्यालाच नोटीस पाठवा. उद्या रविवारच्या हिशेबाने उगवावे म्हणून."

सगळे हसले. माझी पत्नी एकादशीच्या उपासाने थकली होती, तीही हसली. मग बोलणे पत्र्यावर आले, कारण न्हाणीघरातली वाफ हल्ली जात नाही, भिंतीला काळे डाग धरले आहेत, अशी तिची तक्रार होती. मी दोन पत्रे दिल्याचे सांगितले.

"दाजी," अण्णा दाणे सोलता सोलता म्हणाले, "पत्राने पत्रा हलत नाही. त्याला हातोडा लागतो."

त्यावर पुन्हा हशा झाला. मी उठून दुसऱ्या पत्राची प्रत आणली आणि वाचून दाखवली. "सदर पत्र्यामुळे वायुवीजन बंद झाले असून जीवितास धोका संभवतो," हे वाक्य मी लिहिले होते. ते लिहिताना माझ्या मनात कोणाचा जीव नव्हता, हे खरे. अशा अर्जांत असे वाक्य असावे लागते, म्हणून ते होते.

पहाटे पत्नी प्रथम न्हाली आणि स्वयंपाकघरात गेली. मग मी, मग अण्णा, मग मुलगी, मग जावई. गीझर विझायला उसंतच नव्हती. द्वादशीचे पारणे लवकर सोडायचे म्हणून खालच्या घरांतही दिवे लागले होते; डक्टमधून एकामागून एक गीझर पेटल्याचे भुस्स भुस्स आवाज येत होते. थंडी होती, म्हणून न्हाणीघराची सोडून घरातली एकही खिडकी आम्ही उघडली नव्हती. अण्णा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आले आणि खुर्चीत बसून राहिले.

"डोकं जड झालंय. काल कॉफी नाही ना घेतली."

"उपासाचं आहे ते," पत्नी आतून म्हणाली. "पारणं झालं की उतरेल."

जावयानेही कपाळ दाबले. त्याला आम्ही पहाटे उठण्याची सवय नाही म्हणून हसलो. दोन माणसे आम्हाला सांगत होती. आम्हाला ऐकू येत नव्हते. ज्या वायूला वास नाही, रंग नाही, त्याने आणखी कोणत्या भाषेत सांगायचे?

शेवटी नात गेली. आतून पाण्याचा आवाज येऊ लागला, तिच्या गुणगुणण्याचाही. पत्नीने हुग्गीवर तूप सोडले, मी पाने मांडली. बाहेर काळ्याचे करडे होऊ लागले होते.

"अगं, आटप," मुलीने हाक मारली. "आजी नैवेद्य दाखवतेय."

पाण्याचा आवाज चालू होता.

"केस धुवायला घेतले असणार," जावई म्हणाला. "आता अर्ध्या बेंगळुरूचं पाणी संपणार."

मी दाराशी गेलो आणि टकटक केले. पाणी एकाच सुरात पडत होते. अंगावर घेतलेल्या पाण्याचा आवाज कमीजास्त होतो, तुटतो. हा आवाज तुटत नव्हता. ते पाणी कोणाच्याही अंगावर न अडता थेट फरशीवर पडत होते. हे मला कळले त्या क्षणाचे वर्णन मी करू शकत नाही. मी तिचे नाव घेतले. मग मोठ्याने घेतले. मग माझा आवाज माझा राहिला नाही.

जावयाने मला बाजूला लोटले. दोन लाथांत फायबरचे दार आत कोसळले. नात भिंतीला टेकून बसल्यासारखी कलंडली होती, डोके छातीवर, डोळे अर्धे मिटलेले. ओठ गुलाबी होते. ती इतकी निरोगी दिसत होती की क्षणभर मला वाटले, हा पोरीचा खेळ आहे. मुलीने किंकाळी फोडली. पत्नीने अंगावरचीच शाल नातीवर टाकली, आणि जावयाने तिला उचलून बाल्कनीत नेले. अण्णांनी धडाधड खिडक्या उघडल्या. ते अण्णाच ओरडत होते, "गॅस! गॅस आहे! गीझर बंद करा!" मी उभा होतो. हातात पाण्याचा तांब्या होता. तो केव्हा घेतला हे मला आजही आठवत नाही.

बाल्कनीत तिने एकदा श्वास घेतला. मग बराच वेळ घेतला नाही. मग पुन्हा घेतला.

जावयाने गाडी काढली. रस्त्यावर धुके होते आणि गाडीच्या सगळ्या काचा आम्ही उघड्या ठेवल्या होत्या. मागच्या आसनावर मुलगी तिला मांडीवर घेऊन "बोल गं, बोल गं" एवढेच म्हणत होती. मी पुढे बसलो होतो आणि मागे वळून पाहण्याचे धैर्य मला होत नव्हते. मुलीचा आवाज थांबला तर काय झाले ते कळेल, म्हणून मी त्या आवाजाला कान लावून बसलो होतो.

रुग्णालयात रात्रपाळीवरची तरुण डॉक्टर होती. तिने नाडी धरली आणि कन्नडमध्ये पहिलाच प्रश्न विचारला, घरी गॅसचा गीझर आहे का. दुसरा प्रश्न, खिडकी आहे का.

"आहे," मी म्हणालो.

"कुठे उघडते?"

या प्रश्नाचे उत्तर मी दोन पत्रांत परिच्छेद पाडून लिहिले होते. तिच्यासमोर मी जावयाकडे पाहिले. जावयाने सांगितले. तिने मान हलवली, "कार्बन मोनॉक्साइड" एवढेच म्हणाली आणि नातीच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला. या दिवसांत अशी मुले येतात, सगळी अशी परत जात नाहीत, असे ती जावयाला म्हणाली. मी ऐकू नये अशा आवाजात म्हणाली, पण मी ऐकले.

दुपारी नातीने डोळे उघडले. आईला ओळखले. मला पाहून विचारले, "अज्जा, सूर्य उगवला?"

दोन दिवसांनी तिला घरी सोडले, मारतहळ्ळीच्या घरी. आमच्या घरी त्या दिवशीची हुग्गी पातेल्यात तशीच घट्ट होऊन बसली होती. पत्नीने ती कोणाला न विचारता बाहेर टाकली, आणि पातेले घासता घासता म्हणाली, "तुमच्या पत्रांना मी आजवर हसले नाही. पण अहो, तुम्ही लिहिलं होतंत ना, जीवितास धोका? मग तुम्ही स्वतः का नाही भ्यालात?"

तेव्हापासून मात्र मी भितो आहे.

मी सचिवांकडे गेलो. त्यांनी आधी कॉफी विचारली. "दैव बलवत्तर, सार. मुलगी बरी आहे ना आता? गीझर तुमचा होता. स्वल्प ॲडजस्ट माडी, थोडं सांभाळून घ्या, पारव्यांचा पण प्रश्न आहे." आठवड्याने सूचनाफलकावर कागद लागला: गॅसचा गीझर वापरणाऱ्यांनी तो स्वतःच्या जबाबदारीवर वापरावा.

मी तो गीझर काढून टाकला आहे. विजेचा बसवला आहे. सचिवांच्या मते प्रकरण येथे संपते. त्यांच्या मते गीझर हे कारण, आणि कारण काढले की कार्य थांबते. मी त्यांना तिसऱ्या पत्रात दाखवून दिले, की तोच गीझर, त्याच जागी, डक्ट उघडी असेपर्यंत वर्षानुवर्षे जळत होता. बदल झाला तो एकच, आणि तो बदल त्यांनी केला. खालच्या तीनही घरांत गॅसचे गीझर आजही आहेत. त्यांच्या खिडक्या आजही त्याच बंद पोकळीत उघडतात. दुसऱ्या मजल्यावर एक बाळंतीण माहेरी आली आहे. रोज सकाळी तिथे बाळाला न्हाऊ घालतात, खिडकी लावून, कारण बाळाला वारा लागू नये. मी त्या घरी जाऊन सांगितले. बाळाच्या आजीने मला बसवले, लाडू दिला, आणि म्हणाली, "इतकं घाबरू नका हो. आम्ही कापूर जाळतो आत."

मी घाबरतो. सकाळी खालून भुस्स असा आवाज आला, की हातातले वर्तमानपत्र बाजूला ठेवतो आणि बाळाचे रडणे ऐकू येईपर्यंत उचलत नाही. ते रडले की जगात सगळे ठीक आहे. पत्नी न्हाणीघरात गेली की मी दाराबाहेर स्टूल टाकून बसतो आणि तिला बोलत राहायला लावतो. सुरुवातीला ती रागावली. आता ती आतून बाजाराची यादी म्हणते: नारळ, कढीपत्ता, आले, साबण. मध्ये थांबली तर मी दार ठोकतो.

"अहो, तोंडात पाणी गेलं होतं," ती आतून ओरडते. "चूळ भरायची पण परवानगी घ्यायची का?"

होय. घ्यायची.

धनुर्मास पुन्हा तोंडावर आला आहे. अण्णांचा फोन आला, लोणी आणू का म्हणून. मुलीला येण्याविषयी विचारले. "अप्पा, तुम्हीच आमच्याकडे या ना. हुग्गी इकडे करू." मी म्हणालो, देवघर इकडे आहे. ती म्हणाली, "तो पत्रा अजून तसाच आहे ना?" आहे, मी म्हणालो. मग तिने फोन नातीकडे दिला. तिला यायचे आहे. तिच्या आईला आणायचे नाही. मला ती यायला हवी आहे, आणि ती आली तर त्या पहाटे मी कसा जगेन हे मला ठाऊक नाही.

नातीने फोनवर आवाज लहान केला, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. "अज्जा, मी आदल्या दिवशी इकडेच आंघोळ करून आले तर? चालेल का देवाला?"

सचिव महोदय, माझ्या तीन पत्रांना तुम्ही उत्तर दिले नाही. ते मी आता मागत नाही. येत्या रविवारी संघाची सर्वसाधारण सभा आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या आजीही तेथे असतील. माझ्या नातीने मला जे विचारले त्यामागचा प्रश्न मी तुम्हाला विचारणार आहे, सगळ्यांसमोर. तिने या इमारतीत आंघोळ करावी की करू नये? उभे राहून, ऐकू येईल अशा आवाजात, उत्तर द्या. "करावी" म्हणालात, तर गच्चीची किल्ली तेथेच टेबलावर ठेवा.