मिटलेल्या डोळ्यांचं काम

मानोऱ्याच्या शाळेत मी मास्तर होतो, आणि शनिवार-रविवारी चित्रकार. कोणाच्या दुकानाची पाटी, कोणाच्या भिंतीवरचा गणपती, असलं काहीबाही करायचो. पण आसपासच्या गावांत माझं नाव झालं होतं ते निराळ्याच कामासाठी. मी मेलेल्या माणसांचे डोळे उघडून द्यायचो.

यात चेटूक काही नव्हतं. त्या काळी आमच्याकडे माणूस हिंडता-फिरता असताना त्याचा फोटो काढावा, हे कोणाच्या डोक्यातच येत नसे. माणूस गेलं की मग धावपळ. कारंज्याचा फोटोवाला येईपर्यंत प्रेत थांबवून धरायचं, खुर्चीत टेकवून बसवायचं आणि फोटो घ्यायचा. त्यात डोळे मिटलेले. असा फोटो भिंतीवर कसा लावायचा? मग तो माझ्याकडे येई आणि मी बारीक कुंचल्यानं त्या पापण्यांवर उघडे डोळे काढून देई. तोवर तीन म्हाताऱ्यांचे काढले होते. म्हाताऱ्यांचे डोळे इथून तिथून सारखेच, कोणी नावं ठेवली नाहीत. त्यामुळे मला चांगलीच मिजास चढली होती.

चैत्रातला शनिवार होता. सकाळची शाळा सोडून घरी आलो तर ओसरीवर एक बाई बसलेली. गावच्याच एका जमीनदाराच्या घरची. तिची दहा वर्षांची मुलगी तापानं गेल्याचं मला ठाऊक होतं, पण ती पोर मी कधी पाहिली नव्हती. तिनं पदराखालून फोटो काढला. परकर-पोलकं घातलेली पोर खुर्चीत बसली होती, मान जराशी कलती.

"सोमवारी सकायी मी माहेरी चालली, मेडशीले," ती म्हणाली. "तवरीक हिचे डोये उघडून द्या, मास्तर. एवढा एकच फोटो हाये. फोटोवाल्याची काच फुटली, आता दुसरा निघत नाही."

मी विचारलं, डोळे कसे होते? मोठे, बारीक, पाणीदार?

ती बराच वेळ फोटोकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मले आठवूनच नाही राह्यले. डोयापुढं आणते, तं मिटलेलेच दिसतेत."

त्याच वेळी मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी म्हणालो, "काळजी करू नका, मी पाहतो."

दुपारी अत्तरवाल्या चाचांच्या दुकानाची पाटी पुरी करायची होती. पत्र्याच्या छपराखाली अंगाची लाही होत होती आणि चाचा दर घटकेला येऊन एक अक्षर मोठं करायला सांगत होते. ते उरकून घरी आलो, कागदावर डोळे काढून पाहिले. जमेनात. दहा वेळा काढले, दहाही वेळा देवळातल्या देवीचे आले.

संध्याकाळी बायकोला आणि मुलीला जत्रेला नेण्याचं कबूल केलं होतं. नेलं. पण जत्रेत मी पाळणे पाहिले नाहीत की रेवड्या घेतल्या नाहीत. दहा वर्षांच्या पोरी शोधून त्यांच्या डोळ्यांत पाहत फिरलो. एका बाईनं आपली मुलगी झटकन मागे ओढली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला स्वतःची किळस आली.

रविवारी पहाटेच बैलगाडी जुंपून इंझोरीला निघालो. तिथं मेहुणीची आमराई होती, दिवसभर तिथंच जेवणखाण ठरलेलं. मी रंगांची डबी आणि फोटो धोतरात गुंडाळून बरोबर घेतला.

"भाऊजी, कैऱ्या खायले आले का शाळा भरवायले?" मेहुणीनं टोमणा मारलाच.

दुपारी बाकीचे सावलीत आडवे झाले. ऊन इतकं की रंग कुंचल्यावरच वाळत होता. माझी मुलगी तेवढी जागी होती, नऊ वर्षांची. मी तिला झाडाला टेकून बसवलं आणि म्हणालो, "माझ्याकडे पाहा. हलू नको."

ती बसली. वर्गात बसावी तशी शहाण्यासारखी. मी एकदा तिच्याकडे पाही, एकदा फोटोकडे. हात असा कधी चालला नव्हता. शेवटी बुबुळांत पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका दिला आणि फोटोतली पोर माझ्याकडे पाहू लागली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला आनंद झाला.

"बाबा, हलू का आता?" मुलीनं विचारलं. ते कोण बोललं हेच क्षणभर मला कळलं नाही.

बायकोनं उठल्यावर फोटो पाहिला. ते डोळे कोणाचे, हे तिला सांगावं लागलं नाही.

"आवो, हे काय केलं तुमी? पुसा ते. आत्ताच्या आत्ता पुसा!"

पुसता येत नव्हतं. ओलं बोट लावलं असतं तरी खालचा चेहराच गेला असता. परतीच्या वाटेवर तिनं मुलीला मांडीवरून उतरू दिलं नाही.

सोमवारी उन्हं वर यायच्या आत ती बाई आली. गाडी रस्त्यावर उभी होती. मी फोटो तिच्या हातात दिला आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो. लाज वाटते सांगायला, पण वाट पाहत होतो.

तिनं फोटो जवळ नेला, लांब धरला. एवढ्यात माझी मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. बाईनं तिच्याकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे. तांब्या घ्यायला तिनं हात पुढे केलाच नाही.

"आता आठवले," ती हळूच म्हणाली. "तिचे असे नोहते."

मी घाईघाईनं म्हणालो, वरून रंग देऊन बदलून देतो, कसे होते सांगा, आज शाळेत जात नाही.

तिनं फोटो ओसरीवर ठेवला, पालथा.

"कायले बदलता, मास्तर? मिटलेले होते, पण तिचे होते."

आणि ती रिकाम्या हातानं गाडीत जाऊन बसली.